तुमचे वडील विचारीत होते

सोमवारी साडेअकराच्या सुमारास गुरुजी प्रयोगशाळेत आले तेव्हा विशाखा काचेच्या पोटातून पाचवा नमुना काढत होती. काचेचं पोट हे नाव दगडाबाईचं. ही काचसामान धुणारी बाई. तिने एकदा विचारलं होतं, ह्या गोल बुडाच्या भांड्यात दिवसभर काय ढवळायलाय, आणि विशाखाने सांगितलं होतं की हे माणसाचं पोट समजा. अंगाच्या उबेला ठेवलेलं, आत मीठ, थोडं आम्ल आणि पेप्सिन, म्हणजे जठरात असतो तसा रस. "मग ह्याला भूक लागती का?" दगडाबाईने विचारलं आणि सगळे हसले, पण नाव राहिलं. त्या रसात सिलिकाचे कण टाकलेले असत. वाळूच्याच कुळातले, पण आतून इतके सच्छिद्र की चिमूटभर कणांच्या आतल्या भिंती उलगडल्या तर एखादं मोठं अंगण झाकलं जावं. दम्याचं औषध त्या छिद्रांत मुरवायचं, वाळवायचं, आणि मग ते रसात किती वेळात किती बाहेर येतं ते मोजत बसायचं, हे विशाखाचं तीन वर्षांपासूनचं काम. दर अर्ध्या तासाने पाच मिलिलिटर काढायचे, आणि काढले तेवढेच नवे, त्याच उबेचे, परत घालायचे. पोटाला काही कमी झाल्याचं कळता कामा नये.

"या गुरुजी," लिंबाजी शिपाई दारातूनच म्हणाला, "पिशवी जड दिसायलीय."

"हुरडा हाय. सकाळी भाजून, चोळून आणलाय. निवला असंल, पण मऊ हाय. आन् ही चटणी."

"तुमच्या ताडकळसचा हुरडा खाल्ला की आमच्या गावचा कोंबड्यांना टाकावा वाटतो, गुरुजी."

"टाकू नका. कोंबड्या बी नावं ठेवतील," गुरुजी म्हणाले. हसताना त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजली आणि ती विशाखाला पाठमोरी असतानाही ऐकू आली. आत, विभागप्रमुख दिनकररावांच्या खोलीत, वर्तमानपत्र पसरून हुरडा मांडला गेला. दिनकरराव म्हणाले, "बसा गुरुजी, तुमची विद्यार्थिनी काही आज हलायची नाही तिथून." गुरुजी बसले नाहीत. ते विशाखाच्या टेबलापाशी, दोन हात अंतर राखून उभे राहिले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात रिकामी पिशवी.

"बाई, तुमच्या वडिलांनी एक विचारायला सांगितलंय."

"काय?"

"ती दम्याची गोळी अर्धी केली तर चालती का, विचारीत होते."

"नाही चालत." ती घड्याळाकडे बघत होती. "ती बारा तास हळूहळू विरघळायची गोळी आहे. तोडली तर आतलं एकदम सुटेल. अख्खीच गिळायची म्हणावं."

"म्हणतो." ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. त्यांना आणखी काही सांगायचं असावं, असं तिला तेव्हाही वाटलं. पण नमुना गाळायचा होता, लिंबाजी तोंडात हुरडा घेऊन ऐकत होता, आणि 'का विचारीत होते' हा प्रश्न एका बाईने गावच्या गुरुजींना विचारण्यासारखा नव्हता. तो लेकीने विचारायचा प्रश्न होता. गुरुजींनी पिशवीची चार पदरी घडी घातली, दगडाबाईने दिलेलं पाणी प्यायले. "येतो बाई."

"सावकाश जा, गुरुजी."

एवढाच तो दिवस. पुढे तिने तो इतक्या वेळा उघडून पाहिला, पण त्यात आधी न दिसलेलं काही निघालं नाही. दुपारी दोनला वीज गेली. दगडाबाईने शेगडीवर पाणी तापवून मगाने भोवतालच्या हौदात ओतलं आणि दोघींनी मिळून तासभर पोटाची ऊब सांभाळली.

मंगळवारी सकाळी दहाला ताडकळसच्या पोस्टातून फोन आला. तो लिंबाजीने घेतला. हात पुसत तो तिच्यापाशी आला आणि वाईट बातमी सांगताना माणसं आवाज खाली आणतात तसा आणून म्हणाला, "मॅडम, तुमच्या गावचे ते गुरुजी गेले म्हणं. पहाटं."

तिच्या हातात पिपेट होती. तोंडाने ओढलेला द्रव खुणेच्या रेघेपर्यंत आलेला, वरच्या टोकावर तिचं बोट. तिने ते बोट उचललं नाही. पाच मिलिलिटर तिने नीट नळीत सोडले, नळीवर वेळ लिहिली, आणि मग दिनकररावांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिला ऐकू आलं ते असं : "सर, आमच्या गावचे गुरुजी वारले. मला जायला लागेल." तिचा आवाज अगदी ठीक होता. दिनकररावांनी चष्मा काढला. "अरेरे. कालच तर... भला माणूस होता. जा, जरूर जा. उद्या दुपारपर्यंत या मात्र, चोवीस तासांचा प्रयोग लावायचाय." ती हो म्हणाली. गावच्या गुरुजींसाठी एक दिवस पुष्कळ होता. हिशेबात काही चूक नव्हती.

बसमध्ये खिडकीशी बसून ती ज्वारीची रानं बघत राहिली आणि तिच्या मनात आलं की नऊ वर्षांपूर्वी याच रस्त्याने बाबा वळकटी घेऊन आले होते. तेव्हा ती औषधशास्त्राची पदवी घेऊन ह्या खाजगी महाविद्यालयात नुकती लागली होती. ते अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतरचं वर्ष. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी बौद्धांची घरं पेटली होती. ताडकळसच्या त्यांच्या वस्तीत काही झालं नाही. पण काही होईल म्हणून माणसं महिनाभर कपडे न उतरवता झोपली, आणि बाबा त्या सगळ्या दिवसांत वेळेवर शाळेत जाऊन त्याच गावच्या पोरांना पाढे शिकवत राहिले. पदवीचा कागद तिने दाखवला तेव्हा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, विद्यापीठाच्या नावावर बोट ठेवलं आणि परत देत म्हणाले, "नीट ठेव. नाव बदललं की दुसरी प्रत मागून घेऊ." परभणीत तिला तीन घरांतून खोली मिळता मिळता राहिली. तिसऱ्या घरी तर किल्ली हातात देऊन मग परत मागितली. चौथं घर दिनकररावांचं. त्यांच्या पत्नी मालनबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या; त्यांनी आडनाव ऐकलं, गायकवाड, जे कुणाचंही असू शकतं, आणि म्हणाल्या, "विशाखा व्हय? नक्षत्राचं नाव ठेवलं." बाबांनी ते नाव बुद्धाच्या एका उपासिकेचं म्हणून ठेवलं होतं. विशाखाने नुसती मान हलवली. मागच्या दोन खोल्या मिळाल्या.

तिसऱ्या दिवशी बाबा आले. खांद्यावर वळकटी, हातात स्टोव्ह, दम लागलेला. मालनबाईंनी ओट्यावरून विचारलं, "कोण हाय गं?" आणि विशाखाने, काही न ठरवता, जसा डोळ्यांपुढे हात येतो तसं म्हटलं, "आमच्या गावचे गुरुजी." बाप म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न जातीचा आला असता. बाबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिने पाहिलं नाही, कारण ती खाली बघत होती. वळकटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बाबांचा, वर्गात हजेरी घ्यावी तसा स्वच्छ आवाज. "बाई, हे तुमच्या वडिलांनी पाठवलंय."

त्या वाक्यातून एक माणूस निर्माण झाला. ताडकळसला थोडी जमीन असलेला, गुडघे धरलेले म्हणून प्रवास न जमणारा, लेकीला गुरुजींच्या हाती निरोप पाठवणारा बाप. बाबा दर महिन्याला येत आणि त्या माणसाची खुशाली सांगत. तुमचे वडील बरे हायत. तुमच्या वडिलांनी नवी काठी घेतली. ते विचारीत होते, जेवण वेळेवर करता का. मालनबाई चहा देत, पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन आल्या की प्रसाद देत. बाबा दोन्ही हातांनी घेत. एकदा त्या कौतुकाने म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्यासारखा माणूस गावात हाय म्हणून ह्या लेकराच्या बापाला घोर न्हाई." बाबा म्हणाले, "घोर असतो, बाई. बापाला असतोच." विशाखा आत कपाटाच्या आरशापुढे उभी होती आणि तिने स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. पुढच्या वर्षी सांगू, असं तिला दर वर्षी वाटे. पुढच्या वर्षी नोकरी कायम होईल, मग सांगू. प्रबंध झाला की सांगू. हे खोटं एका माणसाला सांगितलेलं नव्हतं, ते आता एका घरात, एका प्रयोगशाळेत, लिंबाजीच्या थट्टेत आणि दगडाबाईच्या पाण्याच्या तांब्यात जाऊन बसलं होतं. आई मात्र कधी आली नाही. केशरबाई एकदाच बोलली होती, चुलीपुढे, वर न बघता. "मला न्हाई जमायचं. पोटच्या पोरीला बाई म्हणू व्हय मी?" सुट्टीत विशाखा घरी जाई तेव्हा बाबा हे बाबा असत, पण एका दिवाळीच्या सुट्टीत, ते बाजारातून दमून आले तेव्हा, तिच्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, पाणी घ्या." आईने तोंड फिरवलं. बाबा हसले, शिट्टी वाजली. "सवय लागती," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

वस्तीत ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बाबांना बुद्धमूर्तीपुढे ठेवलं होतं, पांढऱ्या कपड्यात, आणि त्यांच्या छातीतून काहीच आवाज येत नव्हता. तिला आठवतंय तेव्हापासून ती त्या आवाजावरून बाबांना ओळखत होती : सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जाताना मानेमागे तो असे, अंधारात उठून भीती वाटली तर तो ऐकून झोप लागे. बाबा म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. भोवती सगळी तिला जन्मापासून ओळखणारी माणसं, इथे कुणापासून काही लपवायचं नव्हतं, आणि तरी तो शब्द आला नाही. आईने तिच्याकडे पाहिलं. संध्याकाळी सगळं उरकल्यावर सटवाजी, बाबांचा शाळासोबती, भिंतीला टेकून बसला होता, त्यालाही दमा. तो म्हणाला, "फोन म्याच केला, बाळ. तुला कसं कळलं ते ठाऊक हाय मला. गुरुजींनी बजावून ठेवलं व्हतं, माझं काही झालं तर परभणीला फोन कर, पण गावचे गुरुजी गेले असं सांग. लेक म्हणू नको. तिची नोकरी हाय तिथं." मग तो रडायला लागला. "आन् त्या गोळ्या. मलाबी दम लागायलाय म्हणून निम्मी मला देत व्हते. अडकित्त्यानं कातरून. म्या न्हाई म्हणलं त्येंला, तर म्हणले, लेकीला इचारून येतो."

ती उठून आत गेली. फळीवर सुपारीच्या डब्यात, अडकित्त्याखाली, कागदात बांधलेले सात अर्धे तुकडे होते. कातरलेल्या कडा भुसभुशीत. लेकीला विचारून येतो म्हणून ते हुरड्याची पिशवी घेऊन निघाले, पंचवीस किलोमीटर आले, आणि लेकीपुढे दोन हात अंतर राखून उभे राहून त्यांनी तिच्या बापाच्या वतीने विचारलं. तिने उत्तर बरोबर दिलं होतं. विचारायचं राहिलं ते एवढंच की दुसरी अर्धी कुणासाठी. विचारलं असतं तर ती सटवाजीकाकांसाठी वेगळी बाटली आणून देऊ शकली असती. दोन माणसांना दोन अख्ख्या गोळ्या, इतकी साधी गोष्ट. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थांबलं. दम्यानं, वयानं, गोळीनं, कशानंही थांबतं.

सकाळी ती निघाली तेव्हा आई दारात होती. "आजच जायलीस?"

"एकच दिवस मिळालाय."

"बरोबर हाय," केशरबाई म्हणाली. "गावच्या गुरुजीसाठी कोण जास्ती देतंय." मग ती जवळ आली आणि विशाखाच्या पदराचं टोक उगाच सारखं केलं. "येत्या न्हाई, त्याच्या पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन हाय, त्येंच्या नावानं वंदना. यायचं असंल तर तिथं सांगून ये. त्येंची लेक म्हणून ये. न्हाई तर येऊच नको, विशाखा. मी लोकांना काय सांगायचं ते सांगीन."

परभणीच्या बसस्टँडवर नामांतराच्या घोषणा जुन्या भिंतीवर पुन्हा रंगवल्या होत्या. ती त्यांच्याखालून चालत गेली. दुपारपर्यंत पोचली, चोवीस तासांचा प्रयोग लावला. आणि तो संपल्यावर, एका भांड्यात अख्खी गोळी आणि दुसऱ्यात कातरलेले दोन अर्धे तुकडे, असं तिने शेजारी शेजारी लावलं. दर अर्ध्या तासाने ती दोन्हींतून नमुने काढत होती, वाचत होती, आलेखाच्या कागदावर ठिपके देत होती. तिला काय हवं होतं ते तिला कळत नव्हतं. तुकड्यांची रेघ एकदम उभी चढली असती तर ती तिला दोषी धरणारी असती, आणि अख्ख्या गोळीसारखीच निघाली असती तर सोडून देणारी. रेघ दोन्हींच्या मधूनच गेली. पहिल्या दोन तासांत थोडी वर, मग हळूहळू अख्खीच्या रेघेला येऊन मिळणारी. काचेच्या पोटाला हृदय नव्हतं, बासष्ट वर्षांचं शरीर नव्हतं, बसचा प्रवास झालेला नव्हता. दिनकरराव मागे येऊन उभे राहिले. "हे कोणतं?" "बाजारातली गोळी, सर. तुलनेसाठी." खोटं किती अलगद निघतं हे तिने ऐकलं, जसं काही बाजूला उभं राहून.

"आणि आपल्या कणांचं काय? शंभरातले ब्याऐंशीच येताहेत बाहेर. उरलेलं कुठं गेलं, हे परीक्षक विचारणार."

"आतच आहे."

"कशावरून?"

"तीव्र आम्लारीत कण पूर्ण विरघळवला की सगळं मोजता येतं. शंभरच्या शंभर भरतं. पण मग कण उरत नाही."

"लिहा तसं," दिनकरराव म्हणाले आणि गेले. तिने तसं लिहिलं. पुढचे आठ दिवस ती लिहीत राहिली, नमुने काढत राहिली, काढलं तेवढं परत घालत राहिली. मालनबाईंनी दोनदा हळहळून विचारलं, गुरुजींच्या घरी कोण कोण हाय, आणि तिने सांगितलं, बायको आहे, एक मुलगी आहे. "मुलगी कुठं दिली?" "दिली नाही. नोकरी करते." "मग होती का जवळ, गेले तवा?" "नव्हती." मालनबाई म्हणाल्या, "बिचारी," आणि तो शब्द विशाखाने खोलीत नेला, दार लावलं, आणि तिथे, स्वतःशी, खूप सावकाश, पहिल्यांदा रडली. तिला बाबा हवे होते. गुरुजी नव्हे, निरोपातला तो गुडघे धरलेला माणूसही नव्हे. मानेमागे श्वास वाजवणारे, कागदावर बोट ठेवणारे बाबा तिला हवे होते, आणि ते कुणाला सांगायला तिच्याजवळ नावच नव्हतं. परभणीत ज्यांना ती ओळखत होती त्या प्रत्येकाने त्यांना पाहिलं होतं आणि तिच्या बापाला कुणीच पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने अर्ज लिहिला. आठ दिवसांची रजा. कारण लिहायच्या जागी दोन शब्द लिहिले आणि शाई वाळेपर्यंत थांबली. खोलीतून चंबूगबाळं उचलायला लागेल का, नोकरीचं काय, प्रबंधाचं काय, ह्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी होत्या. भीती कमी झाली नव्हती. तिला फक्त इतकं कळलं होतं की रविवारी अंगणात आईशेजारी बसायचं तर इथून उठल्याशिवाय तिथे बसता येणार नाही. ती पुढे ओट्यावर आली. दिनकरराव बूट घालत होते, मालनबाई त्यांच्या डब्याचं झाकण दाबत होत्या. दिनकररावांनी अर्ज घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"वडील वारले? अहो, कधी?"

"दहा दिवस झाले."

"दहा दिवस? मग बोलला नाहीत? तेव्हा तर तुमच्या गावचे गुरुजी..." त्यांच्या कपाळावर आठी आली, आलेखात एखादा ठिपका भलत्या जागी दिसला की यायची तशी.

मालनबाई डबा खाली ठेवून उठल्या. "अगं बाई गं. दोघं एकाच वक्ताला? आन् तुझ्या वडिलांचं तर दर्शन बी झालं न्हाई आमाला. नऊ वर्षांत एकदा बी आले न्हाईत ते हिकडं."

विशाखाने वर पाहिलं.

"येत होते," ती म्हणाली. तिचा आवाज ठीक नव्हता, आणि तिने तो ठीक केला नाही. "दर महिन्याला येत होते, मालनबाई. तुमच्या हातचा चहा घेत होते. मीच त्यांना बाबा म्हणत नव्हते."